पाण्याला हरताळ

बंगालच्या पाण्यातल्या आर्सेनिकचा विषय निघाला की सभागृहातला एखादा सुज्ञ माणूस घसा खाकरतो आणि म्हणतो, “पण मुळात ते नैसर्गिकच आहे ना?” सगळे माना डोलावतात आणि चहा येतो. असला चहा मी तीन-चार चर्चासत्रांत प्यायलो आहे. ‘नैसर्गिक’ हा शब्द उच्चारला रे उच्चारला की खोलीतले अधिकारी, सल्लागार, कर्ज देणारे, पंप बसवणारे, अहवाल लिहिणारे असे सगळे एका दमात निर्दोष सुटतात. हिमालयावर खटला कोण भरणार? त्याला समन्स कुठल्या पत्त्यावर बजावणार?

मला या शब्दाचा राग आहे आणि तो गिळण्याचं माझं वय राहिलेलं नाही.

आधी माझी लायकी सांगतो, म्हणजे नंतर कुणी काढायला नको. माझी अख्खी नोकरी महाराष्ट्रातल्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळांत गेली. गावोगावच्या विहिरींच्या, बोअरच्या बाटल्या यायच्या. छापील तक्ता असायचा: गढूळपणा, सामू, एकूण क्षार, कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड, लोह आणि सगळ्यात खाली जंतू. रकाने भरले की शेवटी शिक्का: ‘पिण्यास योग्य’. त्या तक्त्यात आर्सेनिकचा रकाना नव्हता, म्हणून त्या पाण्यात आर्सेनिक नव्हतं. सरकारी रसायनशास्त्र असंच चालतं. रकाना नाही तर मूलद्रव्य नाही. आमच्या दख्खनच्या काळ्या कातळात ते सहसा नसतंही, तेव्हा माझ्या सहीनं कुणी मेलं नसावं. पण ते पुण्य कातळाचं. माझं त्यात काही नाही.

आर्सेनिक हे नाव आपल्याला परकं वाटतं, माल मात्र ओळखीचा आहे. सोमल म्हणजे आर्सेनिकच. ना रंग, ना वास, ना चव. म्हणून तर दुधात कालवून वारसदार संपवणाऱ्यांचा तो लाडका. मनशीळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक, हरताळही तेच. पोथीची नक्कल करताना ओळ चुकली की लेखनिक त्या अक्षरांवर पिवळ्या हरताळाचा लेप फासायचा आणि सुकल्यावर वरून नवं लिहायचा. ‘हरताळ फासणे’ आलं ते तिथून. नियमाला हरताळ, वचनाला हरताळ असं आपण रोज बोलतो आणि आपल्या तोंडी आर्सेनिक आहे हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. पोथीत त्यानं चूक झाकायची. बंगालमध्येही चूकच झाकली गेली. फक्त चूक कोट्यवधी माणसांएवढी होती.

आता तो ‘नैसर्गिक’ भाग. तो खरा आहे, म्हणून आधी उरकतो. गंगा आणि ब्रह्मपुत्रा मिळून वर्षाला सुमारे अब्जभर टन गाळ हिमालयातून खाली आणतात. त्यातल्या वाळूच्या कणांवर लोखंडाच्या गंजाचं पातळ कवच असतं आणि त्या गंजाला आर्सेनिक चिकटलेलं असतं. कवच शाबूत आहे तोवर कुणाचं काही बिघडत नाही. पण वाळूबरोबर कुजकी पानं, दलदलीचा काळा चिखल असं सगळं गाडलं जातं. त्यावर जगणारे जिवाणू आधी तिथला प्राणवायू संपवतात आणि मग गंजाकडे वळतात. गंज विरघळतो, आर्सेनिक पाण्यात सुटतं. हे घडतं ते गेल्या काही हजार वर्षांत साचलेल्या कोवळ्या, करड्या वाळूत. त्याखालच्या जुन्या तांबूस वाळूत ते फारसं घडत नाही. म्हणून शंभर फुटांवरच्या पाण्यात विष आणि पाच-सहाशे फुटांवरचं पाणी बहुतेक ठिकाणी निर्धोक. म्हणूनच एका अंगणातल्या नळाला विष लागतं आणि कुंपणापलीकडच्या नळाला लागत नाही.

एवढा निसर्गाचा वाटा. ते विष जमिनीखाली हजारो वर्षं मुकाट पडून होतं. वरची माणसं तळ्याचं, नदीचं आणि उथळ विहिरींचं पाणी पीत होती. खाली नळी सोडली ती गंगेनं नव्हे.

नळी सोडण्याचं ते काम मोठं पाहण्यासारखं असतं. बांबूची उंच घोडी, तिला अडकवलेला आडवा दांडा आणि जमिनीत उभी खुपसलेली लोखंडी नळी. खालचे दोघे दांडा दाबतात, नळी वर उचलली जाते. वर बसलेला मिस्त्री तेवढ्यात तळहातानं नळीचं तोंड बंद करतो. नळी खाली आदळली की हात काढतो आणि आतून पाणी, चिखल, वाळू भसकन बाहेर येते. भोक ढासळू नये म्हणून खड्ड्यातल्या पाण्यात शेण कालवलेलं. ना इंजीन, ना वीज. दिवस-दीड दिवसात शंभर फूट. मग प्लॅस्टिकची नळी, खाली जाळी आणि वर ओतीव लोखंडाचा हातपंप. पश्चिम बंगालमध्ये त्याला ‘टिपकल’ म्हणतात, बांगलादेशात ‘चापाकल’. गरिबाला परवडावं इतकं हे स्वस्त आणि सोपं होतं, आणि तेच पुढे भोवलं.

त्या मिस्त्रीच्या तळहाताखालून अख्ख्या देशाचं भूगर्भशास्त्र रोज वाहत होतं. वाळू करडी निघतेय की तांबूस, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढे चांदपूर जिल्ह्यातल्या मतलब या भागात (नाव खरंच तसं आहे, मी मतलबानं दिलेलं नाही) संशोधकांनी हेच तपासलं. मिस्त्री वाळूचे चार रंग ओळखतात: काळा, पांढरा, फिकट आणि लाल. काळ्या वाळूतलं पाणी धोक्याचं, लाल वाळूतलं बहुतेकदा बरं. हे कळायला पीएच.डी. लागली. मिस्त्रीला १९७५ सालीच कुणी विचारलं असतं तर? पण पाण्याच्या योजनेत मिस्त्री हा मजूर असतो आणि मजुराला विचारण्यासाठी तक्त्यात रकाना नसतो.

१९७०च्या दशकात युनिसेफ आणि बांगलादेशचं सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी खातं यांनी हा नळ गावोगाव नेला. त्यांच्या हेतूबद्दल मी शंका घेणार नाही. तळ्याच्या पाण्यानं कॉलरा व्हायचा, जुलाबानं मुलं पटापट मरायची. जमिनीखालचं पाणी जंतूंपासून दूर, म्हणून शुद्ध, हा हिशेब तिथवर बरोबरच होता. लोकांनी तो मनावर घेतला आणि स्वतःच्या पैशानं लाखो नळ ठोकले. शतक संपेपर्यंत देशात ऐंशी लाख ते एक कोटी नळ झाले असा अंदाज सांगतात. ऐंशी टक्के जनतेला ‘सुरक्षित’ पाणी देण्याचं २००० सालचं उद्दिष्ट आपण आधीच ओलांडलं, असं युनिसेफनं १९९७ साली जाहीरही केलं. अवतरणचिन्हं माझी आहेत.

पाणी तपासलं होतं का? हो, जंतूंसाठी.

इथे बचावाचा वकील उठतो. म्हणतो, त्या काळी नदीच्या गाळात आर्सेनिक असेल असं कुणाच्या मनात येणार? येणार होतं साहेब. जेम्स मार्श नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं आर्सेनिक पकडण्याची चाचणी १८३६ साली दिली. तीही खुनाच्या खटल्यात पुरावा टिकावा म्हणून. एका म्हाताऱ्याला कुणी सोमल घातला का, हे कळावं म्हणून विज्ञानानं एवढी मेहनत घेतली. जागतिक आरोग्य संघटनेनं पाण्यातल्या आर्सेनिकला मर्यादा घातली १९५८ साली. तैवानच्या नैऋत्य किनाऱ्यावर चाळीस हजारांवर लोकांची पाहणी होऊन, खोल विहिरींतलं आर्सेनिक आणि त्वचेचा कर्करोग यांचं नातं १९६८ साली छापून आलं. चिलीतल्या अँतोफागास्ता शहरानं आर्सेनिकचं नदीपाणी बारा वर्षं नळानं प्यायलं आणि १९७०मध्ये ते गाळायचं यंत्र बसवलं. ही सगळी माहिती ग्रंथालयात होती. बंगालमध्ये नळ ठोकणाऱ्यांना ग्रंथालयाचा रस्ता माहीत नव्हता असं म्हणायचं का?

आता दहा वर्षांचा हिशेब. १९८३ साली कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये डॉ. क्षितीशचंद्र साहा या त्वचारोगतज्ज्ञांकडे खेड्यातले रोगी येऊ लागले. अंगावर पावसाचे थेंब पडावेत तसे काळे-पांढरे डाग, तळहात-तळपाय राठ, त्यावर मोहरीएवढे टणक फोड. गावात त्याला महारोग म्हणत. साहांनी तो आर्सेनिकचा रोग आहे हे ओळखलं आणि बोट नळाकडे दाखवलं. जादवपूर विद्यापीठाच्या दीपंकर चक्रवर्तींनी १९८८पासून बाटल्या जमवायला सुरुवात केली आणि २०१८ साली मरेपर्यंत तेच केलं. मालदा, मुर्शिदाबाद, नदिया, दोन्ही चोवीस परगणे अशी जिल्ह्यांची यादी वाढतच गेली. मालद्याच्या पलीकडे कुंपण, आणि कुंपणापलीकडे बांगलादेशचा चापाई नवाबगंज जिल्हा. त्याच नद्या, तोच गाळ, तोच पंप. तिथल्या नळात आर्सेनिक आहे हे सरकारी खात्याला आढळलं १९९३ साली.

दहा वर्षं. पाण्याला पासपोर्ट लागत नाही, माहितीला लागतो.

त्या दहा वर्षांत एक गंमत झाली. गंमत म्हणजे कुणी मेल्यावर वकिलांना येते ती. ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हे या नामवंत संस्थेनं १९९२ साली मध्य आणि ईशान्य बांगलादेशातल्या दीडेकशे नळांचं पाणी तपासलं. अहवालाच्या लांबलचक शीर्षकातच होतं की या पाण्याची मासे आणि माणसं यांना बाधा होऊ शकते का, हे पाहायचं आहे. मूलद्रव्यांची भली मोठी यादी तपासली. आर्सेनिक सोडून. आता याला योगायोग म्हणा, रकाना म्हणा, काहीही म्हणा.

ब्राह्मणबाडिया जिल्ह्यातल्या एका गावकऱ्यानं, ज्याच्या अंगावर ते डाग उमटले होते, या संस्थेवर थेट लंडनला दावा लावला. २००३ साली उच्च न्यायालय म्हणालं, खटला चालू द्या. २००४ साली अपील न्यायालयानं तो फेटाळला. जुलै २००६मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं त्यावर शेवटची मोहर उठवली. कारण असं की संस्थेनं आर्सेनिकबद्दल काहीच विधान केलेलं नाही, त्या देशाच्या पाणीपुरवठ्यावर तिचा ताबा नाही, म्हणून त्या गावकऱ्याप्रती तिचं काही कर्तव्यही नाही. कायद्याच्या चौकटीत हे बिनतोड असेल, मी वकील नाही. पण मी बाटल्या तपासणारा माणूस आहे, आणि मला त्या निकालाचा अर्थ असा कळला: जे तपासलं ते चुकलं तर तुम्ही अडकाल, मुळात तपासलंच नाही तर सुटाल. रकाना न छापण्याला एवढं भक्कम संरक्षण आमच्या खात्यालाही कधी मिळालं नव्हतं.

न्याय म्हणून हेही सांगायला हवं की याच संस्थेनं बांगलादेशच्या खात्याबरोबर पुढे जी देशव्यापी पाहणी केली, ती उत्तम होती. २००१ साली ती प्रसिद्ध झाली. ३,५३४ नळ तपासले. उथळ नळांपैकी २७ टक्क्यांत लिटरला ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त आर्सेनिक, ४६ टक्क्यांत १०पेक्षा जास्त.

हे दोन आकडे लक्षात ठेवा, सगळा हरताळ त्यांच्यामध्ये आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९३ साली मर्यादा ५०वरून १०वर आणली. बांगलादेशनं ५०च ठेवली. ५० धरली तर बाधित माणसं साडेतीन कोटी. १० धरली तर पाच कोटी सत्तर लाख. मधले दोन कोटी वीस लाख लोक कुठे गेले? कुठेच गेले नाहीत, तेच पाणी पीत तिथेच बसले. कागदावर मात्र ते ‘सुरक्षित’ झाले. एक शून्य आणि एक पाच, एवढ्या लेपाखाली अख्ख्या एका राज्याएवढी लोकसंख्या झाकली. आपण हसायचं कारण नाही. भारतीय मानकातही १० लिहून पुढे ‘दुसरा स्रोत नसेल तर’ ५०पर्यंतची सवलत बरीच वर्षं ठेवलेली होती. दुसरा स्रोत असता तर त्या माणसानं हे पाणी प्यायलं असतं का, हे मानक लिहिणाऱ्या समितीनं स्वतःला विचारलं असेल अशी आशा करू या.

मग रंगकाम निघालं. १९९८ साली बांगलादेशात जागतिक बँकेच्या कर्जावर प्रकल्प उभा राहिला. २०००नंतरच्या तीनेक वर्षांत पन्नास लाखांच्या आसपास नळ तपासले गेले. वाईट नळाला लाल रंग, बऱ्याला हिरवा. चौदा लाखांच्या वर नळ लाल निघाले. कल्पना वाईट नव्हती. शेजारचा हिरवा नळ असेल तर बायका तिथून पाणी आणू शकतात, आणि अनेकींनी आणलंही. पण लाल रंग लावून निघून जाणं म्हणजे आग लागलेल्या घरावर ‘आग लागली आहे’ अशी पाटी लावून जाणं. ज्या पाड्यात सगळेच नळ लाल, तिथल्या माणसानं काय करायचं? त्याला वीस वर्षं सांगितलं होतं, तळ्याचं पाणी विष, नळाचं अमृत. आता सांगितलं, नळाचं विष. तो म्हणाला, बरं, मग अमृत कुठाय? उत्तर द्यायला कुणी थांबलं नव्हतं. जीप निघून गेली होती. रंग दोन-चार पावसाळ्यांत उडाला आणि त्यानंतर ठोकलेल्या लाखो नव्या नळांना तपासणीचा हातच लागला नाही.

उत्तर चोवीस परगण्यातल्या गाईघाटा भागात मी निवृत्तीनंतर गेलो होतो. ओळखीच्या एका मास्तरांनी एका घरी नेलं. त्या घरच्या काकीमांनी आधी पाण्याचा पेला पुढे केला, कारण बंगाली घरात पाहुण्याला आधी पाणी. मी तो पेला हातात धरून बसलो. एका पेल्यानं काही होत नाही हे रसायनशास्त्र मला येतं. तरी तो तोंडाला लावायला क्षणभर जास्त लागला आणि त्यांनी ते पाहिलं. “हे दूरच्या नळाचं आहे दादा, चांगलं आहे,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी दोन्ही हात उलटे करून दाखवले. तळहातावर खरखरीत, पिवळट, दाटीनं उगवलेले कण. कांदा चिरताना सुरी सरकते, त्या म्हणाल्या. कणीक मळली तर थोरल्या सुनेला आवडत नाही. लग्नाआधी मुलीला बघायला येणारे आता मुलीचे नव्हे, आईचे हात पाहतात. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. भाव वाढले, असं सांगावं तसं सांगितलं.

तो रोग पाणी प्यायल्यावर पाच-दहा-पंधरा वर्षांनी दिसतो. आधी कातडी, मग पुढे मूत्राशय, फुप्फुस. कातडीचं बरं असतं, ती दिसते तरी. बांगलादेशातल्या आडाइहाजार भागात सुमारे बारा हजार माणसांवर वर्षानुवर्षं नजर ठेवून केलेला अभ्यास २०१०मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात सगळ्या कारणांनी झालेल्या मृत्यूंपैकी साधारण पाचातला एक १०पेक्षा जास्त आर्सेनिकच्या पाण्याकडे बोट दाखवत होता. पाणी उकळलं तर? आणखी आटतं, आणि विष तेवढंच उरतं. आपल्या आयाबायांचा शंभर नंबरी उपाय इथे उलटा पडतो.

काकीमांच्या घरापासून दोनशे पावलांवर एक यंत्र उभं होतं. हातपंपाला जोडलेलं निळं पिंप, त्यात आर्सेनिक शोषणारं रसायन आणि वर योजनेची पाटी. पिंपाला वेल चढला होता. चिमणीनं त्यात घर केलं होतं की नाही हे मला दिसलं नाही, पण केलं असेल तर त्या योजनेचा तेवढा एकच लाभार्थी. पिंपातला मसाला ठरावीक काळानं बदलावा लागतो आणि निघालेला विषारी गाळ नीट गाडावा लागतो. उद्घाटनाला सगळे येतात, मसाला बदलायला कुणी येत नाही. हे माझं एकट्याचं मत नव्हे. बारुईपूरजवळच्या पाच गावांत अकरा कंपन्यांची एकोणीस यंत्रं बसवली होती. जादवपूरच्या मंडळींनी त्यांवर पाळत ठेवून २००५ साली निष्कर्ष छापला: १०च्या खाली सातत्यानं पाणी देणारं यंत्र एकही नाही. अकरा कंपन्यांची बिलं मात्र निघाली असतील, तिथे शोषण चांगलं झालं असेल.

कुष्टियाच्या अबुल हुसाम यांनी लोखंडाच्या कणांवर चालणारी घरगुती गाळणी केली, २००७ साली तिला अमेरिकेत दहा लाख डॉलरचं बक्षीस मिळालं. चांगली वस्तू आहे. पण गाळणी कितीही चांगली असली तरी ती घरात ठेवायची, निगा राखायची जबाबदारी पुन्हा त्याच बाईवर, जिच्या हाताला कणीक मळवत नाही.

आणि खरा उपाय? तो इतका साधा आहे की सांगायला लाज वाटते. खोल नळ. पाच-सहाशे फूट, बहुतेक जागी पाणी चांगलं. एक खोल नळ शंभर घरांना पुरतो, जर तो शंभर घरांच्या मधोमध असेल तर. ह्यूमन राइट्स वॉचनं २०१६ साली याच प्रश्नावर अहवाल काढला तो वाचताना मला अगदी घरी आल्यासारखं वाटलं. बांगलादेशात सरकारी नव्या नळांपैकी निम्म्यांच्या जागा ठरवण्यात खासदाराचा शब्द चालायचा, आणि तोही धोरण म्हणून, लेखी. मग नळ कुठे बसले? कार्यकर्त्याच्या अंगणात, कुंपणाच्या आत, कधी गोठ्याशेजारी. आर्सेनिक नाही अशा भागातही बसले, कारण मतं आर्सेनिक पाहून पडत नाहीत. तेव्हाही दोन कोटी लोक ५०च्या वरचं पाणी पीत होते. आर्सेनिकमुळे वर्षाला त्रेचाळीस हजार मृत्यू होतात असा अंदाज त्या अहवालात दिला आहे.

कुठेतरी पाणी मुरतंय असं आपण म्हणतो. तिथे ते कुठे मुरतंय हे नकाशावर दाखवता येतं, तालुक्यासकट.

म्हणून सांगतो, ‘नैसर्गिक’ हा शब्द भूगर्भशास्त्राच्या वर्गात ठेवा. करडी वाळू नैसर्गिक आहे. खासदाराच्या मेहुण्याच्या अंगणातला खोल नळ नैसर्गिक नाही. कॅलिफोर्नियाच्या ॲलन स्मिथ यांनी २००० साली या प्रकरणाला मानवी इतिहासातली सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा ठरवलं आणि त्याची व्याप्ती भोपाळ, चेर्नोबिल यांच्याही पलीकडची आहे असं लिहिलं. भोपाळला निदान एक कारखाना होता, एक फाटक होतं, मोर्चा न्यायला जागा होती. इथे घराघरात फाटक आहे आणि आतला माणूस रोज सकाळी आपल्याच हातानं पंप मारतो.

भाताचं एक सांगून टाकतो. उन्हाळी बोरो भाताला याच उथळ पाण्याचे पंप लागतात. शेतात विष, भाताच्या दाण्यात विष, आणि तो भात पुन्हा त्याच पाण्यात शिजवला की आणखी विष. बंगाली माणसाला भात खाऊ नको म्हणायला कोण जाणार?

हे बंगालचं दुखणं, आपलं काय, असं म्हणून पान उलटणाऱ्यांसाठी दोन ओळी. गंगेला उलटं चढत गेलात तर बिहारच्या भोजपूर जिल्ह्यात सेमरिया ओझा पट्टी हे गाव लागतं. तिथलं आर्सेनिक सापडलं २००२ साली. पुढे उत्तर प्रदेशात बलिया. बंगालमध्ये पहिला रोगी ओळखल्यानंतर एकोणीस वर्षांनी त्याच नदीच्या वरच्या अंगाला, त्याच गाळात, पुन्हा ‘अचानक’. आणि अगदीच आपलं पाहायचं असेल तर गडचिरोलीच्या सीमेपलीकडे छत्तीसगडमध्ये कौरीकसा आहे, जिथे गाळ नव्हे तर खडकच आर्सेनिकचा आहे. १९९०च्या दशकाच्या शेवटी ते बाहेर आलं. खडकाच्या त्या पट्ट्याला राज्याची सीमा कुठून जाते हे कुणी कळवलेलं नाही. आपल्याकडे यवतमाळ-चंद्रपूरच्या फ्लोराइडनं दात आणि हाडं गेली, तेव्हाही आधी माणसं वाकली आणि मग रकाना छापला गेला. क्रम कायम तोच: आधी रोगी, मग समिती, मग रकाना.

आता तर मोजायचंच बदललंय. किती घरांत नळ पोचला ते मोजतात, टक्केवारीच्या पाट्या लागतात. नळ मोजणं सोपं, तो फोटोत येतो. त्यातून काय येतं ते फोटोत येत नाही. १९९७ सालचं ते ऐंशी टक्के ‘सुरक्षित’ पाणीही असंच मोजलेलं होतं.

गेल्या महिन्यात माझ्या पुतण्यानं गावाकडच्या बोअरचा तपासणी अहवाल फोनवर पाठवला. “काका, तुमच्याच खात्याचा आहे, नीट बघून सांगा,” म्हणाला. मी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत पाहिला. तक्ता नवा आहे, छपाई सुबक आहे. आर्सेनिकचा रकानाही आता छापलेला आहे. त्यात आडवी रेघ आहे. खाली शिक्का आहे: पिण्यास योग्य.